विजेच्या गाड्या आणि विजेचं जाळं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं वीज वितरणाच्या बाजूने लिहिली आहेत. कुठली गाडी घ्यावी, कुठल्या कंपनीचा चार्जर चांगला, हे इथे सापडणार नाही. गाड्या वाढल्यावर खांब, केबल, रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) आणि उपकेंद्र यांचं काय होतं, आणि त्यासाठी आधी काय करून ठेवावं लागतं, एवढाच विषय आहे.

सगळ्यांनी विजेची गाडी घेतली तर एवढी वीज आणायची कुठून?

हा प्रश्न सगळ्यात आधी येतो, आणि खरं तर तोच सगळ्यात कमी चिंतेचा आहे. हिशेब मांडून बघा. मध्यम आकाराची विजेवरची मोटार १०० किलोमीटरला साधारण १८ युनिट खाते. दिवसाला ३३ किलोमीटर धरले तर वर्षाला १२,००० किलोमीटर होतात. चार्जिंगमध्ये वाया जाणारे दहाएक टक्के धरून वर्षाचे सुमारे २,४०० युनिट. अशा दहा लाख गाड्या असतील तर २४० कोटी युनिट. वर्षाच्या सगळ्या तासांवर समान पसरले तर ही मागणी सरासरी पावणेतीनशे मेगावॉट भरते. मध्यम आकाराच्या एका वीज केंद्राएवढी. गाड्या काही एका रात्रीत येत नाहीत, त्यामुळे एवढी निर्मिती वाढवायला कुठल्याही देशाला वेळ मिळतो.

आता त्याच दहा लाख गाड्या एकाच क्षणी ७.४ किलोवॉटच्या चार्जरला लावल्या असं समजा. मागणी होते ७,४०० मेगावॉट. गाड्या त्याच, वर्षाचे युनिट तेवढेच, पण आकडा सत्तावीस पट. सगळ्या गाड्या एकदम लागणं प्रत्यक्षात घडत नाही, पण पावणेतीनशे आणि ७,४०० यांच्यामध्ये कुठेतरी आपण असणार. कुठे, ते चार्जिंग कधी आणि कुठे होतं यावर ठरतं. पुढची बहुतेक उत्तरं याच दोन शब्दांभोवती फिरतात.

किलोवॉट आणि युनिट यांत सारखा गोंधळ होतो. फरक काय?

युनिट म्हणजे टाकीत एकूण किती पाणी भरलं ते. किलोवॉट म्हणजे नळाची धार किती मोठी होती ते. एक किलोवॉटची धार तासभर चालली की एक युनिट. बिल मुख्यतः युनिटवर येतं, पण केबल आणि रोहित्र तापतं ते धारेमुळे.

मग अडचण नेमकी कुठे येते?

शेवटच्या टप्प्यात. मोठ्या वाहिन्यांवर लाखो ग्राहकांच्या सवयी एकमेकांत मिसळून जातात, चढउतार बोथट होतात. गल्लीतल्या रोहित्रावर तसं होत नाही. तिथे पाच शेजारी एकाच वेळी घरी आले तरी आकड्यात दिसतं.

एक उदाहरण घेऊ आणि पुढे तेच वापरत राहू. २०० केव्हीएचं रोहित्र, त्यावर शंभर घरं. पॉवर फॅक्टर, म्हणजे केव्हीएपैकी प्रत्यक्ष कामी येणारा हिस्सा, ०.९५ धरला तर त्याची क्षमता १९० किलोवॉट. संध्याकाळी ऐन गर्दीच्या वेळी घरागणिक सरासरी दीड किलोवॉट, म्हणजे १५० किलोवॉट. शिल्लक ४०.

शंभर घरं, प्रत्येकाचा मंजूर भार पाच-सात किलोवॉट, आणि रोहित्र फक्त २०० केव्हीएचं? हो. वितरण व्यवस्था पहिल्यापासून याच गृहीतावर उभी आहे की सगळे जण सगळं एकाच वेळी लावत नाहीत. एका घरात गीझर चालू असतो तेव्हा दुसऱ्यात इस्त्री बंद असते. गीझर दहा-पंधरा मिनिटांत बंदही होतो. गाडीचा चार्जर मात्र गीझरपेक्षा मोठा असून तास-तास चालू राहतो, आणि सगळ्यांच्या घरी येण्याच्या वेळा जवळपास सारख्या असतात. जुनं गृहीतक डळमळतं ते इथे.

आता शंभरपैकी तीस घरांत गाडी आली. प्रत्येकीला रोज साडेसहा युनिट हवेत. ७.४ किलोवॉटच्या चार्जरवर हे तासाभरापेक्षाही कमी वेळाचं काम. संध्याकाळी सहा ते दहा या वेळात लोक जसजसे येतील तसतशी गाडी लावतील असं धरलं, तर कुठल्याही क्षणी सरासरी साडेसहा गाड्या चार्ज होत असतील आणि ४९ किलोवॉटची भर पडेल. एकूण १९९. क्षमता १९०. ही झाली सरासरी. एखाद्या दिवशी दहा गाड्या एकदम लागल्या की आकडा २२४ वर जातो.

त्याच तीस गाड्यांचं चार्जिंग रात्री अकरा ते सकाळी सहा या सात तासांत नीट पसरवलं तर? १९५ युनिट भागिले सात, म्हणजे २८ किलोवॉट. रात्री घरांचा भार ५० धरला तर एकूण ७८. रोहित्र बदलायची गरज नाही, केबल बदलायची गरज नाही, आणि अजून कितीतरी गाड्यांना जागा आहे.

भार थोडा जास्त झाला की रोहित्र लगेच जळतं का?

नाही. रोहित्र सोशिक यंत्र आहे. त्यातल्या तेलाला तापायला वेळ लागतो, त्यामुळे दहा-वीस टक्के जादा भार ते तासभर निमूट सहन करतं. थंड हवेत आणखी जास्त.

पण त्याची किंमत आयुष्यातून वसूल होते. गुंडाळ्यांवरचं आवरण कागदाचं असतं, आणि कागद उष्णतेने ठिसूळ होत जातो. साध्या कागदासाठी नियोजनात वापरला जाणारा नियम असा: आतला सर्वांत तप्त बिंदू ९८ अंश सेल्सिअसवर असेल तर झीज नेहमीच्या वेगाने होते, आणि त्यावर दर ६ अंशांना हा वेग दुप्पट होतो. ११० अंशांवर चौपट, ११६ वर आठपट. म्हणून नुकसान झालेलं कुणाला दिसत नाही. तीस वर्षांचं रोहित्र बाराव्या वर्षी जातं आणि सगळे म्हणतात माल खराब होता.

यात विश्रांतीचा मुद्दा सहसा विसरला जातो. वस्तीतलं रोहित्र संध्याकाळी तापतं आणि मध्यरात्रीनंतर निवतं. अनेक ठिकाणी त्याचा आकार हे धरूनच निवडलेला असतो. सगळं चार्जिंग रात्री ढकललं की ही निवण्याची वेळ कमी होते. वरच्या उदाहरणात ७८ किलोवॉटला काही फरक पडत नाही. पण त्याच रात्री १७० किलोवॉट सलग सात तास राहिले, आणि रात्रही उन्हाळ्याची असली, तर जुना हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

रात्री दर स्वस्त केला की प्रश्न सुटला, नाही का?

अर्धा सुटतो, आणि निष्काळजीपणे केला तर आधीपेक्षा बिघडतो.

समजा स्वस्त दर रात्री ठीक अकराला सुरू होतो. तीसही जणांनी गाडीत किंवा चार्जरवर अकराची वेळ लावून ठेवली. अकरा वाजून एका मिनिटाने ३० गुणिले ७.४, म्हणजे २२२ किलोवॉट एकदम उठतात. त्यात घरांचे ५० मिळवा. २७२. क्षमतेपेक्षा ४३ टक्के जास्त. म्हणजे कुणीही काहीही नियोजन न करता संध्याकाळी गाड्या लावल्या असत्या, तर रोहित्रावर इतका ताण आला नसता. लोकांच्या वेळांमध्ये जो नैसर्गिक विस्कळीतपणा होता, तो त्या एका स्वस्त दराने पुसून टाकला. आणि बाराच्या आत सगळ्या गाड्या भरूनही झाल्या. उरलेले सहा तास रोहित्र रिकामं.

दर ठरवणारे आणि वाहिन्या सांभाळणारे वेगवेगळ्या खोल्यांत बसतात तेव्हा हे घडतं. वीज निर्मितीच्या बाजूने पाहिलं तर रात्रीचा स्वस्त दर अगदी बरोबर असतो. गल्लीतल्या रोहित्राच्या बाजूने तो धोक्याचा.

उपाय अवघड नाहीत. ब्रिटनमध्ये ३० जून २०२२ पासून विकल्या जाणाऱ्या घरगुती चार्जरना एक नियम आहे: ठरलेली वेळ झाली तरी चार्जरने लगेच सुरू व्हायचं नाही, दहा मिनिटांपर्यंतचा कुठलाही यादृच्छिक विलंब घ्यायचा. ही मर्यादा गरज पडल्यास अर्ध्या तासापर्यंत वाढवण्याची सोयही चार्जरमध्येच हवी. शिवाय चार्जर नवा बसवताना त्याची मूळ मांडणी अशी असते की कामाच्या दिवशी सकाळी ८ ते ११ आणि दुपारी ४ ते रात्री १० या वेळा टाळल्या जातात. मालकाला हे बदलता येतं. पण माणसं सहसा आयती मांडणी बदलत नाहीत, आणि नियम करणाऱ्यांनी हे ओळखलं.

दहा मिनिटांच्या विलंबाने एकदम बसणारा धक्का मोडतो. जाळ्याची वारंवारता, म्हणजे विजेची सेकंदाला होणारी आवर्तनं, स्थिर ठेवणाऱ्यांसाठी तो महत्त्वाचा. गल्लीतल्या रोहित्राला मात्र तेवढा पुरत नाही, कारण चार्जिंग पाऊण-एक तासाचं असतं आणि दहा मिनिटं इकडेतिकडे झाली तरी गाड्या एकमेकींवर चढतातच. तिथे वेळेपेक्षा 'किती वाजेपर्यंत भरलेली हवी' हे विचारणं उपयोगी ठरतं. मालक म्हणतो, सकाळी सहा. मग सात तासांत कधी भरायचं ते यंत्रणा ठरवते, आणि वेगवेगळ्या गाड्यांना वेगवेगळे तुकडे देते.

म्हणजे वीज कंपनी माझं चार्जिंग मध्येच बंद करणार?

अनेकांच्या मनातली भीती हीच आहे. बंद करणं आणि मंद करणं यांत फरक आहे. जर्मनीत १ जानेवारी २०२४ पासून लागू असलेली व्यवस्था पाहण्यासारखी आहे. ४.२ किलोवॉटपेक्षा मोठा नवा चार्जर असेल तर वाहिनीवर खरोखर ताण असताना वितरण कंपनी तो ४.२ किलोवॉटपर्यंत खाली आणू शकते. पूर्ण बंद करू शकत नाही. बदल्यात ग्राहकाला जाळ्याच्या शुल्कात सवलत मिळते, आणि सगळ्यात मोठी गोष्ट, वाहिनीत क्षमता नाही असं सांगून कंपनीला जोडणी नाकारता किंवा लांबवता येत नाही.

या सौद्यात मला न्याय दिसतो. ४.२ किलोवॉटने दोन तासांत ८.४ युनिट, त्यातले दहा टक्के गेले तरी सुमारे ४२ किलोमीटर. म्हणजे सबंध संध्याकाळ मंद राहिलं तरी दिवसाची धाव भरून निघते. ज्याला खरंच घाई आहे त्याच्यासाठी 'आत्ता हवं' असं बटण असावं, आणि तेवढ्यापुरता त्याने पूर्ण दर द्यावा.

३.३ किलोवॉटचा छोटा चार्जर घेतला तर जाळ्यावर भार कमी पडतो का?

वाटतं तितका नाही. आपल्याच उदाहरणात सगळ्यांनी ३.३ चे चार्जर घेतले तर प्रत्येक गाडी दोन तास लागून राहील. एकावेळी साडेसहाऐवजी पंधरा गाड्या चालू असतील, आणि पंधरा गुणिले ३.३ म्हणजे पुन्हा ४९ किलोवॉटच. युनिट तेवढेच आणि तास तेवढेच, तर सरासरी बदलणार कशी?

फायदा दुसरीकडे होतो. मोठ्या चार्जरवर दहा गाड्या योगायोगाने एकत्र आल्या की ७४ किलोवॉटचा सुळका उठतो. छोट्यावर तोच योगायोग कमी बोचतो. आणि अकराच्या त्या झुंडीत २२२ ऐवजी ९९ किलोवॉटच उठले असते. घरातल्या वायरिंगलाही छोटा चार्जर सोसतो.

शेजारी गाड्या लावल्या की आमच्याकडे विजेचा दाब (व्होल्टेज) कमी होतो. रोहित्रावर तर भार कमी आहे. असं का?

बहुतेक वेळा दोष फेजच्या वाटणीत असतो. गल्लीत वीज तीन तारांतून, म्हणजे तीन फेजमधून येते, परतीची तार म्हणजे न्यूट्रल, आणि साध्या घराला त्यातली एकच फेज जोडलेली असते. हे उत्तर थोडं लांबेल, पण इथे पैसे न खर्चता सुटणारा प्रश्न आहे.

रोहित्रापासून ३०० मीटरवर, ओळीच्या टोकाला तीन घरं आहेत. केबल ९५ चौरस मिलिमीटर ॲल्युमिनियमची, तिचा रोध किलोमीटरला ०.३२ ओहम, म्हणजे ३०० मीटरला सुमारे ०.१ ओहम. तिन्ही घरांत एक फेजचा, ३२ अँपिअर घेणारा चार्जर आहे, आणि तिन्ही घरं योगायोगाने एकाच फेजवर जोडलेली आहेत. ९६ अँपिअर त्या एका फेजमधून जातात आणि न्यूट्रलमधून परत येतात. जाताना नऊ व्होल्ट गेले, येताना नऊ. २३० मधून अठरा व्होल्ट फक्त या तीन गाड्यांपायी, आठ टक्के. घरांचा स्वतःचा भार वेगळाच.

आता तीच तीन घरं तीन वेगळ्या फेजवर टाका. तिन्ही प्रवाह न्यूट्रलमध्ये एकमेकांना रद्द करतात, परतीचा प्रवाह जवळजवळ शून्य होतो. प्रत्येक फेजवर घट तीन व्होल्ट. तीच केबल, त्याच गाड्या, तीच वेळ, आणि अठराचे तीन झाले.

यासाठी कुणी खांबावर चढून दोन जोडण्या हलवल्या तरी पुरतं. अडचण अशी की बहुतेक ठिकाणी कुठलं घर कुठल्या फेजवर आहे याची नोंदच नसते. वर्षानुवर्षांच्या दुरुस्त्यांमध्ये, रात्री पावसात जी फेज जिवंत सापडली तिच्यावर लाईनमनने घर जोडून दिलेलं असतं, आणि त्याचं काही चुकलंही नाही. स्मार्ट मीटरच्या दाबाच्या नोंदी एकमेकींशी ताडून ही माहिती आता कार्यालयात बसूनही काढता येते. जाळ्याच्या तयारीत माझ्या मते हे काम रोहित्रं वाढवण्याच्या आधी यायला हवं.

रात्रीऐवजी दुपारी चार्ज करणं चांगलं का?

जिथे सौरऊर्जा भरपूर आहे तिथे हो. कॅलिफोर्नियात २०१३ साली तिथल्या जाळ्याच्या चालकांनी एक आलेख मांडला. एकूण मागणीतून सौर आणि पवन ऊर्जा वजा केली की दुपारी खोल खड्डा पडतो आणि सूर्य मावळताना मागणी उभ्या कड्यासारखी चढते. आकार बदकासारखा दिसतो म्हणून त्याला बदकाचा आलेख म्हणू लागले. बदकाची मान म्हणजे संध्याकाळ. लोक घरी येऊन गाडी लावतात तीही नेमकी त्याच वेळी.

तेव्हा दुपारी स्वस्त दर आणि कामाच्या ठिकाणी चार्जिंग या दोन गोष्टी एकत्र आल्या तर बदकाचं पोट भरतं आणि मानही आखूड होते. पण गाडी दुपारी जिथे उभी असते तिथे जोडणी असायला हवी. कचेऱ्या, कारखाने, महाविद्यालयं, स्थानकांची वाहनतळं. तिथे जलद चार्जरची गरज नाही. आठ तास उभ्या गाडीला ३.३ किलोवॉट पुरून उरतात. थोडे महागडे जलद चार्जर बसवून फीत कापण्यापेक्षा साधे, मंद आणि भरपूर पॉइंट हवेत. त्यांचा फोटो चांगला येत नाही, हे मान्य.

मोठ्या इमारतीत साठ गाड्या असतील तर साठ चार्जरचा भार मंजूर करून घ्यावा लागेल?

साठ गुणिले ७.४ म्हणजे ४४४ किलोवॉट. हा आकडा घेऊन कुणी अर्ज केला तर स्वतंत्र रोहित्र, त्याला जागा, उच्चदाब जोडणी, असं सगळं मागे येतं आणि सभेत विषय तिथेच संपतो.

साठ गाड्यांना रोज साडेसहा युनिट, म्हणजे ३९० युनिट. रात्रीचे आठ तास. सरासरी ४९ किलोवॉट. थोडी सैल जागा ठेवून साठ-सत्तर किलोवॉट मंजूर करून घेतले आणि चार्जर एकमेकांत प्रवाह वाटून घेणारे बसवले, तर सगळ्यांचं भागतं. हे चार्जर आपसांत बोलतात: आत्ता आठ गाड्या लागल्या आहेत, प्रत्येकीला पूर्ण, वीस झाल्या, प्रत्येकीला थोडं कमी. यासाठी चार्जर ओसीपीपीसारखी खुली संभाषण पद्धत वापरणारे घ्यावेत. नाहीतर पहिले दहा एका कंपनीचे, पुढचे दहा दुसरीचे, आणि दोघांना एकमेकांची भाषा येत नाही.

नवी इमारत असेल तर चार्जर आत्ता बसवू नका हवं तर, पण वाहनतळाच्या प्रत्येक जागेपर्यंत रिकामी नळी आणि मीटर खोलीत पॅनेलची जागा ठेवा. नंतर काँक्रीट फोडून हेच करणं फार महाग पडतं.

महामार्गावरची जलद चार्जिंग केंद्रं आणि बस आगारं?

हा वेगळाच खेळ आहे. १५० किलोवॉटचे आठ चार्जर म्हणजे १.२ मेगावॉट, आणि अशी केंद्रं बहुधा गावांपासून दूर, जिथे वाहिनी मुळातच बारीक असते तिथे लागतात. मोठ्या मालट्रकसाठी जी मेगावॉट चार्जिंगची पद्धत आली आहे तिची कमाल मर्यादा १,२५० व्होल्ट आणि ३,००० अँपिअर, म्हणजे एका नळीतून ३.७५ मेगावॉट. असे चार ट्रक एकत्र उभे राहिले तर छोट्या गावाएवढी मागणी.

घरच्या चार्जिंगसारखं इथे 'नंतर भरू' म्हणता येत नाही, माणूस वाटेत उभा असतो. म्हणून केंद्रावरच मोठी बॅटरी ठेवायची, ती जाळ्याकडून संथपणे भरायची आणि गाडीला झपाट्याने द्यायची, हा मार्ग अनेक ठिकाणी वापरतात. ज्या केंद्रावर दिवसात थोड्याच गाड्या येतात तिथे तो चांगला चालतो. रांग लागली की बॅटरी रिकामी होते आणि मग जाडी केबलच लागते.

बस आगार त्यामानाने सोपं. शंभर बसना रोज दोनशे युनिट लागले तर वीस हजार युनिट. सहा तासांत ३.३ मेगावॉट. प्रत्येक बसला ६० किलोवॉटचा चार्जर देऊन सगळे एकदम चालू केले तर ६. बस कधी येणार, कधी निघणार हे वेळापत्रकात लिहिलेलंच असतं, त्यामुळे नियोजनाला याहून सोपा ग्राहक नाही. फक्त बसची ऑर्डर देण्याआधी वीज कंपनीला सांगायला हवं. बस काही महिन्यांत येतात. उपकेंद्राला जागा, परवानग्या आणि बांधकाम धरून वर्षं लागतात.

गाडीतली वीज परत जाळ्याला देता येते का?

येते. अमेरिकेत विलेट केम्प्टन आणि स्टीव्हन लेटेंड्रे यांनी १९९७ मध्येच ही कल्पना मांडली होती. जपानमध्ये २०११ च्या भूकंपानंतर निस्सानने पुढच्याच वर्षी लीफ गाडीतून घराला वीज देणारं यंत्र बाजारात आणलं. गाडी आणि चार्जर यांच्यातल्या संभाषणाचं जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ १५११८, त्याच्या २०२२ मधल्या विसाव्या भागात दोन्ही दिशांच्या प्रवाहाची सोय आहे.

तंत्र आहे, पण घाई नको असं मला वाटतं. वीज बॅटरीत घालताना आणि काढताना मिळून वीसएक टक्के जातात, दुहेरी चार्जर महाग असतो, आणि बॅटरीची झीज कुणाच्या खात्यावर लिहायची हा वाद प्रत्येक वेळी निघतो. नुसतं चार्जिंगची वेळ हलवल्याने ऐंशी टक्के फायदा मिळतो असं कुणी छातीठोक आकडा सांगितला तर मी मान्य करणार नाही, पण मोठा हिस्सा तिथेच आहे हे वरच्या हिशेबांवरून दिसतं. वीज गेल्यावर घर चालवण्यासाठी मात्र गाडी उत्तम आहे. ५० युनिटची बॅटरी दिवे, पंखे, फ्रिज सहज काही दिवस ओढते.

दुचाकींचं काय?

दोन-तीन युनिटची बॅटरी, चार्जर किलोवॉटच्या आतबाहेर. इस्त्रीएवढा भार. वाहिनीला त्यांचा त्रास नाही. घरातल्या जुन्या सॉकेटला होऊ शकतो.

छतावर सौर पॅनेल आहेत. मग माझा जाळ्यावर भार नाही ना?

गाडी दुपारी घरी असेल तर नाही. ती दुपारी बाहेर आणि रात्री घरी असेल तर वर्षाचं बिल शून्य दाखवूनही तुम्ही संध्याकाळच्या गर्दीत इतरांसारखेच असता.

चार्जरमुळे विजेची प्रत बिघडते का?

चार्जर प्रवाहाचा आकार थोडा वेडावाकडा करतात हे खरं. चांगल्या चार्जरमध्ये ते सुधारणारं सर्किट असतं. स्वस्तातले, प्रमाणित नसलेले चार्जर एका रोहित्रावर खूप जमले तर न्यूट्रल तापतो.

नॉर्वेत तर जवळपास सगळ्या नव्या गाड्या विजेच्या आहेत. तिथलं जाळं कसं टिकलं?

२०२४ मध्ये तिथे विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी सुमारे ८९ टक्के पूर्ण विजेवरच्या होत्या, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये रस्त्यावरच्या विजेच्या मोटारींची संख्या पेट्रोलच्या मोटारींच्या पुढे गेली. जाळं कोसळलं नाही.

पण त्यावरून 'मग काहीच करायला नको' असं म्हणणं चूक. नॉर्वेत घरं पिढ्यानपिढ्या विजेवर तापवली जातात. कडाक्याच्या थंडीत हीटर चालावेत म्हणून घराघरापर्यंत जाड केबल आधीच पोचलेली होती. शिवाय बहुतांश वीज जलविद्युत, धरणाचं दार उघडलं की वाढणारी. जिथे घराचा भार गॅसवर आणि पंख्यांवर बेतलेला आहे, तिथे ही ऐपत नाही.

चार्जर इंटरनेटला जोडले की कुणी ते एकदम बंद-चालू करू शकेल का?

धोका खरा आहे. हजारो चार्जर एका क्षणी बंद झाले तर जाळ्याच्या वारंवारतेला धक्का बसतो. म्हणूनच यादृच्छिक विलंब चार्जरच्या आत असावा, दूरच्या सर्व्हरवर नको. आणि संपर्क तुटला तर चार्जरने पूर्ण वेगाने धावण्याऐवजी बेताच्या मंद गतीवर यावं.

वीज कंपनीने तयारी सुरू कुठून करायची?

मोजण्यापासून. गल्लीतल्या बहुतेक रोहित्रांवर दिवसाच्या कुठल्या तासाला किती भार असतो हे कुणालाच ठाऊक नसतं. फ्यूज गेला की कळतं. प्रत्येक रोहित्राला मीटर हा पहिला खर्च.

दुसरं, चार्जर कुठे बसले याची नोंद. गाड्या शहरभर समान पसरत नाहीत. एका गल्लीत एकाने घेतली की शेजारी घेतो. शहरात शंभरात तीनच गाड्या असताना एखाद्या रोहित्रावर शंभरात तीस होऊन बसतात. ब्रिटनमध्ये २०१३ ते २०१५ या काळात 'माय इलेक्ट्रिक अव्हेन्यू' नावाच्या प्रकल्पात मुद्दाम एकाच रोहित्रावरच्या शेजाऱ्यांना विजेच्या गाड्या देऊन हेच तपासलं. निष्कर्ष असा की ४० ते ७० टक्के ग्राहकांकडे गाडी आली तर देशातल्या सुमारे ३२ टक्के लघुदाब (घरांपर्यंत जाणाऱ्या) वाहिन्यांवर काही ना काही उपाय करावा लागेल. मला यात उरलेले ६८ टक्के जास्त महत्त्वाचे वाटतात. सरसकट सगळं बदलायला निघालेला आराखडा बहुतेक पैसा चुकीच्या ठिकाणी घालतो.

मग फेजची वाटणी, मग दर आणि चार्जरचे नियम, आणि हे सगळं करूनही जिथे भागत नाही तिथे रोहित्र आणि केबल. केबल टाकायचीच झाली तर गरजेपेक्षा एक माप जाड टाकावी. खर्चाचा मोठा वाटा खणण्याचा आणि रस्ता पुन्हा करण्याचा असतो, ॲल्युमिनियमचा नव्हे.

गाडी घेण्याआधी मी काय करावं?

मंजूर भार तपासा. चार्जरसाठी मीटरपासून स्वतंत्र वायर ओढा, तिला जादा प्रवाह तोडणारा स्वतःचा एमसीबी आणि गळती पकडणारं आरसीडी हवं, आणि अर्थिंग मोजून घ्या. सोळा अँपिअरचं सॉकेट तासाभरासाठी ठीक असतं, रात्रभर पूर्ण भाराने नाही. वायरमनला विचारा तुमचं घर कुठल्या फेजवर आहे आणि शेजारच्या गाडीवाल्यांची कुठल्या. चार्जर बसवला की वीज कंपनीला कळवा. कळवलं की जादा भार लावतील या भीतीने लोक गप्प बसतात, आणि मग त्या रोहित्राचं नियोजन तुमच्या गाडीशिवाय होतं. वेळ लावायची असेल तर अकराची लावू नका. एकची लावा, किंवा दोन वाजून वीस मिनिटांची.